मटार सोलताना सांगितलेलं विमान

मुलाकडे निघालो आहे. विमानात चौदा तास काढायचे आहेत. जेवणाच्या ट्रेवरचं झाकण काढलं, उकडलेल्या मटारचा वास आला आणि मी भोपाळच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात जाऊन बसलो.

थंडीतली दुपार होती. कंपनीने प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं होतं, तिथून मी नुकताच परतलो होतो. मटारच्या ढिगापलीकडे माझी बायको सुमन बसली होती.

"एवढा वेळ विमानात करता तरी काय हो?"

मी सांगत गेलो: ढग, गरम ओला टॉवेल, शेजारच्या माणसाचं घोरणं.

"मी असते तर दोन किलो मटार सोलून झाले असते," ती हसत म्हणाली.

कुंपणापलीकडून शेजारच्या मिश्राभाभी म्हणाल्या, "भाईसाब, भाभी को यहीं छोड़ गए?"

सुमनच ताडकन उत्तरली, "इन्होंने तो बहुत पूछा, कंपनी ही नहीं मानी!"

मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिलो. तिला तसं मीच सांगितलं होतं. खरं तर कंपनीच्या फॉर्ममध्ये सोबत येणाऱ्या पत्नीच्या नावाची जागा होती. इंग्रजी न येणारी बायको साहेबांसमोर नको, म्हणून मी ती कोरी ठेवली.

सुमन विमानात न बसताच गेली.

त्या दुपारचं खरं उत्तर आज देतो, सुमन. तो घोरणारा माणूस तुझ्या जागेवर बसला होता. मी सगळा वेळ तिकडे न बघता काढला.