कोऱ्या पाण्यातलं सेरीन

ग्राफवर सेरीनचं शिखर एवढं उंच आलं की मी खुर्ची मागं सारून उभीच राहिले.

सेरीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांच्या माळेतला एक मणी. मच्छे गावातल्या आमच्या लॅबमध्ये गोव्याहून आलेलं पाणी मशीनवर होतं. खोल समुद्रतळाच्या गाळात कणाकणांमध्ये अडकलेलं, गाळ पिळून काढलेलं पाणी. आलं होतं चमचाभर, काचेच्या दोन बंद कुप्यांत; त्यातली एक वापरून झालेली. पुन्हा हवं तर जहाज पाठवावं लागणार.

"जास्त निघालं म्हणून कुणी रडतंय व्हय?" लॅबचे मालक देसाईसर म्हणाले. "रिपोर्ट पाठवा. संध्याकाळी गोव्याच्या शास्त्रज्ञांचा फोन येईल."

"सर, सेरीन आणि ग्लायसीन ही दोन अमिनो आम्लं जोडीनं वाढलीत. बोटाच्या घामात हीच जोडी असते. हे समुद्राचं नाही, आपल्यापैकी कुणाचं तरी आहे."

"मग उरलेलं लावा."

"तेही बिघडलं तर?"



आधी ब्लँक लावला. म्हणजे नमुना ज्यात घालून मशीनला लावतो तसल्याच काचेच्या बाटलीत नमुन्याऐवजी नुसतं कोरं, शुद्ध पाणी. शिखर पुन्हा तिथंच! पाणी आधीच तपासलेलं, म्हणजे दोष बाटल्यांचा होता. पण बोटांचा घामबिम जळून जावा म्हणून त्या तर भट्टीत भाजून काढलेल्या. नंतर ग्लोव्हजशिवाय कुणी शिवायचं नाही, हा नियम.

माझी सहकारी मालू बेळगुंदी गावची. तिला विचारलं, भाजल्यावर बाटल्या कुणी हाताळल्या?

"आक्का, खंडेनवमीच्या पूजेला मशीनपुढं मांडलेल्या की. आपली हत्यारं तीच न्हाय का? एकेक पुसून मांडली."

"ग्लोव्हज?"

"पूजा ग्लोव्हज घालून करत्यात व्हय?"

सर हसले. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी फोनवर गोव्याच्या शास्त्रज्ञांना सरळ सांगितलं, पहिला आकडा चुकीचा आहे.

"उरलेलं पाणी तरी शाबूत आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच बंद कुपीत, फ्रीझरमध्ये. उघडलेली नाही."

"उघडताना सांभाळा म्हणजे झालं."

बाटल्या पुन्हा भाजल्या, निववल्या. नवा ब्लँक सपाट आला. मग कुपी फोडली. ग्लोव्हजच्या आत माझेच हात घामानं भिजले होते. सेरीनची वेळ आली तशी मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. बारीकसा उंचवटा आला, इतर अमिनो आम्लांच्या रांगेत बसणारा.

नमुना वाचला, पण अर्धाच. पडताळणीसाठी दुसऱ्यांदा मोजायला थेंब उरला नाही. शास्त्रज्ञांनी तो आकडा घेतला, पण शेजारी 'एकदाच मोजलेला' अशी टीप टाकून.

भाजलेल्या बाटल्या आता कुलपात असतात. किल्ली मी मालूकडं दिली आहे. बाटली कशी बिघडते हे लॅबमध्ये तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत नाही.