उत्तराची कळमेश्वरची नोकरी

उत्तराकडे सर्व्हे करायला आलेली ही चौथी बॅच होती. समाजकार्याच्या कॉलेजातली मुलं यायची, चहा प्यायची, फोटो काढायची आणि परीक्षा झाली की दिसेनाशी व्हायची. म्हणून प्रशिक आणि मेघा दाराशी उभे राहिले, तेव्हा तिनं आधी प्रशिकच्या हातातला फॉर्म ओढून घेतला.

“हे काय गा? पहिलाच सवाल, ऑपरेशन झालं का? आपल्या काकूले विचारशील का असं?”

प्रशिकचे कान लाल झाले. मेघानं पेन काढून तो प्रश्न खोडला. उत्तराला ते आवडलं. “बस वं,” ती म्हणाली.

उमरेडच्या एका विणकराच्या घरात उत्तरा थोरला मुलगा म्हणून वाढली होती. सतराव्या वर्षी बापानं तिचे कपडे अंगणात फेकले, आणि ती अंगावरच्या शर्टानिशी एस.टी.त बसून नागपूरला आली. तिथल्या तृतीयपंथीयांची गुरू असलेल्या प्रेमिला अम्मानं तिला चेली, म्हणजे शिष्या, करून घरात घेतलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं सिग्नलवर हात पसरून आणि बारशाला-लग्नाला बधाई मागून तिचं पोट भरलं.

ही दोघं मात्र दर शनिवारी येत राहिली. तृतीयपंथी म्हणून मिळणाऱ्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज दोनदा परत आला, तेव्हा शाळेचा दाखला आणायला प्रशिक स्वतः उमरेडला गेला. कार्ड हातात आलं त्या दिवशी उत्तरानं त्यावरचं आपलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मेघानं ओळखीतून कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम पाहिलं. बाटल्यांची झाकणं मोजून पेटीत भरायची.

अम्माला ते पटलं नाही. “तिथं तू एकटी पडशील. इथं आम्ही नऊजणी आहो तुह्या मागं.”

“एकदा करून तर पाहू दे, अम्मा.”

पहिले आठ दिवस ती हवेत होती. सकाळी सहाची बस, गळ्यात कारखान्याचं कार्ड, दुपारी जेवायला यमुताईची सोबत. यमुताई शेजारच्याच टेबलावर काम करायची. पहिल्याच दिवशी तिनं आपला डबा पुढं सरकवला होता, “घे वं, लाजू नको.”

नवव्या दिवशी सुपरवायझरनं उत्तराला बोलावून एक अर्ज दाखवला. ही बाई आमच्या संडासात नको, असं बायकांनी लिहून दिलं होतं. खाली अकरा सह्या होत्या. पहिली यमुताईची.

“तू जेन्ट्समध्ये जात जा,” सुपरवायझर म्हणाला. “पुढं करू काही सोय.”

ती गेली. कोणीतरी बाहेरून कडी लावली. अर्धा तास ती आतून दार वाजवत होती आणि बाहेर हसणं चालू होतं. त्यानंतर ती कुठंच गेली नाही. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी प्यायचं नाही, एवढाच उपाय तिला सुचला. एप्रिल लागला होता आणि डोक्यावर पत्रे होते. तहान फार झाली की ती चूळ भरून टाकून द्यायची. यमुताई रोज डबा पुढं करायची आणि उत्तरा रोज त्यातलं खायची. त्या कागदाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. जेवायला दुसरं कोणी बोलावतही नव्हतं.

मे महिन्यात कॉलेजच्या मॅडमसोबत प्रशिक-मेघा कारखान्यात आले. पेट्यांजवळ उभं करून उत्तराचा फोटो काढला. “काही त्रास नाही ना, ताई?” मेघानं विचारलं. सुपरवायझर बाजूलाच उभा होता.

“नाही वं. मस्त आहे.”

तेव्हा तिला लघवीला आग होत होती. मेडिकलमधून गोळ्या आणून ती दिवस ढकलत होती. जूनमध्ये थंडी वाजून ताप भरला आणि ती कामावरच कोसळली. कारखान्याच्या गाडीनं तिला दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि गाडी निघून गेली. पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर दोन तास गेले. तोवर ती व्हरांड्यात स्ट्रेचरवर कण्हत पडली होती आणि निरोप मिळताच धावत आलेली अम्मा दिसेल त्याला शिव्या देत होती. संसर्ग केव्हाच वर चढला, दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

“ताई, काहून नाही सांगितलं आम्हाले?” मेघा रडत होती.

उत्तरा म्हणाली, “तू मले कुठं विचारलं? त्या माणसापुढं, फोटो काढता काढता. तिथं काय सांगू? अन् तू किती खूश होती त्या दिवशी.”

प्रशिक आणि मेघा कारखान्यात भांडायला गेले. ती ठेकेदाराची माणूस, आमच्या रजिस्टरला नावच नाही, असं उत्तर मिळालं. गेटपाशी यमुताई भेटली. “सही मीच केली पहिले,” ती खाली मान घालून म्हणाली. “मले वाटलं, तिची वेगळी सोय करतील.” भोंगा वाजला तशी ती आत गेली.

मेघानं अहवालात हे सगळं लिहिलं. मॅडमनी ती पानं काढायला सांगितली. तिनं काढली नाहीत. अहवाल कपाटात गेला.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. प्रशिकला चंद्रपूरला नोकरी लागली. मेघा प्रताप नगरहून येते आणि उत्तराला ऑटोनं नेते-आणते. पायांवर सूज असते, हातावरच्या सुईच्या जागा काळ्या पडल्यात. सिग्नलवर उभं राहणं संपलं. अम्माच्या घरी बाकीच्या जणी तिला जेवू घालतात.

यंदा पाचवी बॅच आली. मेघानंच आणली. उत्तरानं खाटेवर पडल्या पडल्या त्यांना कारखान्याचं सांगितलं, मध्ये दम खात, तासभर. रितिका नावाची एक मुलगी हुंदके देऊ लागली तशी उत्तरा चिडली.

“रडून काय करून राहिली? लिहून घे. संडास किती होते, कडी कोणत्या बाजूनं होती, कोण हसलं, सगळं लिही. अन् कोणाले कामाले लावाल, तर पहिले तुम्ही तिथं एक दिवस राहून या.”

रितिकानं डोळे पुसून वही उघडली. पण उत्तराला आता धाप लागली होती. अम्मानं हातानंच खूण केली, तशी मुलं एकेक करून उठली आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली.