नऊ नावांची भांडी

त्या झोपडीत तांब्यापितळेची नऊ भांडी होती. मी ती दोनदा मोजली. मग एक हंडा उचलून काठावर घातलेलं नाव वाचलं: नावजी धोंडू. शेजारच्या कळशीवर सोमा बाळू. तिसऱ्या भांड्यावर तिसरंच नाव.

"ही भांडी कोणाची?" मी विचारलं.

"माजीच हायती," काशी म्हणाली.

मला मनातून आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगितलं पाहिजे. नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते आणि माझ्या हाती पहिल्यांदाच काहीतरी 'सापडलं' होतं.

मी प्रोबेशन ऑफिसर होतो. म्हणजे काय, ते माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. ते सगळीकडे 'जावई पोलिसात आहेत' असं सांगत. खरं तर आमचं काम उलटं होतं. सरकारने मुलांसाठी एक कायदा केला होता. एखादं मूल बेवारस सापडलं, किंवा किरकोळ चोरीत धरलं गेलं, तर त्याला तुरुंगात न टाकता कोर्टापुढे न्यायचं. कोर्ट आम्हाला सांगे, याचं घर बघून या. घर बरं असेल तर मूल आईबापांकडेच ठेवायचं आणि आम्ही महिन्यातून एकदा जाऊन विचारपूस करायची. याला देखरेख म्हणत. घर बरं नसेल तर मूल सर्टिफाइड स्कूलमध्ये, म्हणजे सरकारमान्य वसतिशाळेत, मोठं होईपर्यंत. कायद्याचा कल घराकडे होता, शाळा हा शेवटचा उपाय. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

काशीची मुलगी ठकी नऊ वर्षांची होती. मे महिन्यात लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर ती पानाच्या द्रोणातून करवंदं विकत होती. आई एका बंगल्यावर पाणी भरायला गेली होती. बाप वारलेला. पोलिसाने विचारलं, "तुझ्याबरोबर कोण आहे?" ती म्हणाली, "कुनी न्हाई." तेवढ्यावर ती बेवारस ठरली आणि पुण्याला रिमांड होममध्ये गेली. कोर्ट वडगावचं. घर बघायचं काम माझ्याकडे आलं.

घर न कळवता बघायचं, हा आमचा पहिला नियम. मी आठवडाभर आधी कुसगावच्या पाटलांना चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत तीन गोष्टी मागितल्या होत्या: दुपारचं जेवण, सायकल ठेवायला जागा आणि वर ठाकरवाडीची वाट दाखवायला एक माणूस. पाटील भला माणूस. त्यांनी तिन्ही गोष्टी दिल्या आणि शिवाय वाडीवर निरोप धाडला की पुण्याचे साहेब काशीचं घर बघायला येणार आहेत.

घर म्हणजे कुडाची एक खोली. जमीन ताजी सारवलेली. भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रं, अजून ओली. आणि ती नऊ भांडी, घासून लखलखीत, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेली. काशीला अक्षरओळख नव्हती. भांडी आपल्याविरुद्ध बोलत आहेत हे तिला कळायचं कारण नव्हतं.

मी तिथेच उभ्याउभ्या फॉर्म भरला. 'घरातील मालमत्ता' या रकान्यात लिहिलं: परक्या नावांची भांडी, संशयास्पद. 'पालकाची वर्तणूक' या रकान्यात लिहिलं: खोटे बोलते. शाईने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"पोर देत्याल न्हवं आता?" काशीने विचारलं.

"बघू," मी म्हणालो. सरकारी नोकरीत हा शब्द मी सर्वांत आधी शिकलो.

उतारावर दहा मिनिटं चालल्यावर लक्षात आलं की फाउंटन पेन वरच राहिलं. पेन सासऱ्यांनी दिलेलं. परत फिरलो. वाडीत शिरतो तर काशीच्या दारातून बायका बाहेर पडत होत्या. एकीच्या डोक्यावर हंडा, एकीच्या कमरेला कळशी, एकीच्या हातात परात. नऊ बायका नऊ दिशांना. दारात वाडीचे म्हातारे लिंबाजी आबा माझं पेन हातात धरून बसले होते.

"आबा, हे काय चाललंय?"

"काय म्हंजी? ज्याची त्याची भांडी चालली घरला. हांड्याबिगर नावजीची बायकू पानी कशात आननार?"

"पण ती तर माझीच म्हणाली."

"मग काय म्हनंल? हितं कुनाची पोर बघाय पाव्हनं आलं, की आमी समदी भांडी त्या घरात मांडतो. पाव्हन्याला बी ठावं असतंय. त्यो बी त्याच्या वाडीत त्येच करतोय. तुमी काशीचं घर बघाय येनार म्हनून मांडली. नावं कुनी वाचीत न्हाई." आबांनी हातातल्या पेनाकडे बघितलं. "तुमी वाचली व्हय?"

"वाचली."

"शिकल्याला मानूस," आबा काशीकडे बघून म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं.

पाटलांच्या ओसरीवर मी पुन्हा फॉर्म काढला. दोन ओळी खोडायच्या आणि दोन लिहायच्या, एवढंच काम होतं. पण भांडी का जमवली ते लिहायचं तर मी येणार हे वाडीला ठाऊक होतं हे लिहावं लागलं असतं. आणि ते कोणी कळवलं, हेही. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. पाटील म्हणाले, "वांगं घ्या अजून थोडं." मी वांगं घेतलं.

एक रकाना कोरा राहिला होता: 'शेजाऱ्यांचे मत'. तिथे लिहिलं: घेता आले नाही.

पुण्यात आमच्या साहेबांनी रिपोर्ट वाचला. ते शिस्तीचे कडक होते.

"आगाऊ कळवलं नव्हतंत ना?"

"छे, साहेब."

"म्हणून तर सापडलं. शाबास."

वडगावच्या कोर्टात वाडीतली माणसं चालत आली होती. शिपायाने त्यांना बाहेरच बसवलं. आत काशी एकटी उभी होती.

"भांडी लोकांची व्हती, सायेब," ती मॅजिस्ट्रेटना म्हणाली. "मांडाय आनली व्हती."

"मग ऑफिसरांना स्वतःची का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी फायलीकडे बघितलं.

"ऑफिसर, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही, साहेब."

आम्ही दोघंही खोटं बोललो होतो. तिचं खोटं रिपोर्टात आलं, माझं आलं नाही. ठकीला शाळेत पाठवण्याचा हुकूम झाला.

तिला परत घरी सोडावं असा अर्ज मला कधीही करता आला असता. कायद्यात तशी सोय होती. मी तो अडीच वर्षांनी केला. साहेब रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. नव्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "हे आधी का नाही लिहिलंत?" मी म्हणालो, "नवीन होतो." खोटं नव्हतं. पुरेसं खरंही नव्हतं.

ठकीला पोचवायला मीच गेलो. या वेळी कोणाला कळवलं नाही. ठकीच्या पायात शाळेच्या चपला होत्या. ज्या वाटेने ती पूर्वी डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन पळत उतरायची, त्याच वाटेवर तिने मला विचारलं, "अजून किती लांब आहे?"

काशी दारातच होती. तिने पोरीला एकदम जवळ घेतलं नाही. आधी तिच्या चपलांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मग म्हणाली, "लय वाढली गं." पोरगी म्हणाली, "हो." काशी तिचा हात धरून आत घेऊन गेली. मी अंगणात उभा राहिलो.

थोड्या वेळाने काशी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. जर्मलचा पेला होता, पोचा आलेला. पाणी पिऊन मी तो परत दिला. तिने तो पालथा करून बूड माझ्यापुढे धरलं.

"बघा सायेब. नाव न्हाई. माजाच हाय."

नोकरीत पुढे मी शेकडो घरं बघितली. नव्या ऑफिसरांना शिकवायची वेळ आली तेव्हा सांगायचो की घर न कळवता बघावं. पुढचं वाक्य कधी सांगितलं नाही, ते असं: कळवलंच असेल, तर तसं लिहावं.

ती फाइल आता कुठल्या कपाटात असेल कोणास ठाऊक. पण एक रकाना मी चुकीचा भरला होता, तो इथे दुरुस्त करतो.

शेजाऱ्यांचे मत: घरं नऊ. प्रत्येकाकडे चांगलं भांडं एकच. नऊही घरांनी ते दिलं. मत अनुकूल.