याद्विगाबाईंचा जिवंत नट

गुरुनाथने एका जिवंत माणसाला मारलं तेव्हा त्याच्या अंगात वर इस्त्रीचा शर्ट होता आणि खाली पायजमा. २०२१च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधले निम्मे नोकरदार याच वेषात वावरत होते, त्यामुळे पेहरावावरून गुन्हेगार ओळखणं कठीण होतं. सकाळच्या मीटिंगला दोन मिनिटं होती. तेवढ्यात त्याने मलिंगारच्या पोलिश मंडळाच्या फेसबुक पानावर एक निमंत्रण चढवलं, चहाचा घोट घेतला आणि कामाला लागला. दहा वाजता पाहतो तर खाली साठ-सत्तर प्रतिक्रिया. पोलिशमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बहुतेक प्रतिक्रियांत शब्दच नव्हते. नुसता चौकोनी कंस आणि कंसात एक चांदणी. लोक आपल्या कलाकुसरीला स्टार देतायत असं समजून गुरुनाथ खुलला. नाशिकला आईलाही त्याने त्याचा फोटो पाठवून दिला.

साडेदहाला त्याच्या खोलीचं दार कुणी वाजवलं नाही, ते सरळ उघडलं.

"तो जिवंत आहे," याद्विगाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"ज्याला तू सकाळी मारलंस तो."

याद्विगाबाई ही गुरुनाथची घरमालकीण. डब्लिनमधली भाडी ऐकून तो मलिंगारला आला, आणि यांच्या घरातली मागची खोली त्याला मिळाली. मिळाली म्हणजे त्यांनी ती दिली, पण दिल्याबद्दलचा राग त्यांनी दीड वर्षात कमी होऊ दिला नव्हता. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म कोकलायचा, आणि मागोमाग बाईंची चिठ्ठी दारावर लागायची. आयर्लंडमध्ये कपाटाला 'प्रेस' म्हणतात. 'तुझी हळद माझ्या प्रेसमध्ये नको', 'तुझ्या कुकरला शिट्टीशिवाय बोलता येत नाही का', अशा चिठ्ठ्या गुरुनाथने पहिल्यापहिल्यांदा जपूनही ठेवल्या होत्या. त्यांना हाक मारायची तर पोलिश रीतीने 'पानी याद्विगा', म्हणजे आपल्याकडचं 'बाई'; पुरुषांना 'पान', म्हणजे 'राव'. नुसतं याद्विगा म्हटलं की त्यांना ऐकूच यायचं नाही.

त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू येत होतं, कारण त्यांचा फोन सारखा वाजत होता.

"हे काय आहे?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"समई. म्हणजे दिवा. आमच्याकडे दिवा लावल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. शुभ असतं ते."

"आमच्याकडे काळ्यापांढऱ्या फोटोखाली दिवा लावतात तो माणूस मेल्यावर. आणि या चांदण्या? त्याही मेणबत्त्याच आहेत. सत्तर माणसांनी सकाळपासून त्याला मेणबत्त्या लावल्या आहेत."

गुरुनाथने निमंत्रणाकडे पुन्हा पाहिलं. मध्ये म्हाताऱ्या नटाचा काळापांढरा फोटो. त्याखाली नाव, झेनॉन व्हिल्क. त्याखाली '१९६१ – २०२१'. त्याच्याही खाली बाईंनी लिहून दिलेली ओळ होती, 'रंगभूमीवरची साठ वर्षं', पण नेमकी त्या ओळीवर त्याने हलत्या ज्योतीची समई बसवली होती. आणि शेवटी, 'शनिवारी पाच वाजता, ऑनलाइन'. त्या वर्षी अंत्यविधीसुद्धा ऑनलाइनच होत असत. सालं वजा करून, साठीतला माणूस चौऱ्याऐंशीचा कसा दिसतो, असा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. दुःखात कोण हिशेब करतं.

"पण सालं तुम्हीच लिहून दिली होतीत," गुरुनाथ म्हणाला.

"दिवा मी लिहून दिला होता?"

 तेवढ्यात लॅपटॉपवरच्या दुसऱ्या मीटिंगमधून कुणीतरी म्हणालं, "गुरुनाथ, तुझा माइक चालू आहे."

आता याद्विगाबाई या भानगडीत कशा, ते सांगायला हवं. आयर्लंडला येण्याआधी त्या पोलंडच्या पूर्वेकडच्या एका लहान गावातल्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होत्या. विसाव्या वर्षापासून चोवीस वर्षं डावीकडच्या विंगेत, मांडीवर संहिता, गुडघ्याशी एवढासा दिवा. मग नवीन दिग्दर्शक आला आणि म्हणाला, आजकालच्या नटांना पाठ असतं. ज्या दिवशी तो असं म्हणाला त्याच रात्री नायक दोनदा अडखळला आणि बाईंनी दोन्हीदा तोंड मिटून घेतलं, हे त्या अजून मोठ्या समाधानाने सांगत. २००५ साली इथे आल्या. दोन वर्षं अळिंब्यांच्या शेडमध्ये अंधारात अळिंब्या खुडल्या ("अंधाराची सवय होती," एवढंच त्यावर भाष्य), आणि त्यानंतर इस्पितळाच्या लाँड्रीत लागल्या त्या आजतागायत. नवरा? नवरा तिकडेच राहिला. गुरुनाथने एकदा चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला तिकडे आवडतं," आणि इस्त्रीचा कंट्रोल वाढवला.

पोलिश मंडळात दरवर्षी त्या एका नटाचा सत्कार घडवून आणत. मोठ्या नटांचा नव्हे. ज्यांचा चेहरा सगळ्यांना ठाऊक आणि नाव कुणालाच नाही, असल्यांचा. सिनेमातला दुसरा पोलीस, मालिकेतला पोस्टमन, नाटकात तिसऱ्या अंकात येऊन वाईट बातमी सांगणारा. शनिवारच्या पोलिश शाळेच्या हॉलमध्ये मानपत्र वाचायचं, सात किंवा नऊ फुलं द्यायची (सम संख्येची फुलं फक्त मेलेल्यांना), पाहुण्याला आपल्या पलंगावर झोपवून आपण सोफ्यावर आडवं व्हायचं. पाहुणा विमानात बसून गेला की त्याच्या अभिनयातले दोष मोजायचे. मंडळाचे अध्यक्ष पान रिशार्ड, लाद्या बसवण्याचे मोठे कंत्राटदार, या उपक्रमाला 'याद्विगाचा वृद्धाश्रम' म्हणत. लोकांना सॉसेज आणि अकॉर्डियन हवं असतं, असं त्यांचं मत. याद्विगाबाईंचं रिशार्डविषयीचं मत गुरुनाथने भाषांतर करून मागितलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "इंग्रजीत तेवढे शब्द नाहीत."

झेनॉनचा सत्कार ठरला होता मार्च २०२० मध्ये. तिकीट काढलं, सूट ड्रायक्लीन झाला, आणि विमानं बंद पडली. वर्षभरात म्हाताऱ्याचं हृदय दोनदा कुरकुरलं होतं. आठवणही मधूनमधून दगा द्यायला लागली होती. अखेर बाईंनी ऑनलाइनला होकार दिला आणि गुरुनाथसमोर येऊन उभ्या राहिल्या, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना?" तो बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतो, चित्रं काढायचं नव्हे, हे त्याने सांगून पाहिलं. पण असल्या खुलाशाचा त्याला नाशिकमध्येही कधी उपयोग झाला नव्हता. काका-मामांचे प्रिंटर त्यानेच दुरुस्त केले होते.

दुपारपर्यंत आग पसरली. अध्यक्षांचा फोन आला. याद्विगाबाईंनी तो स्पीकरवर टाकला, गुरुनाथला शिक्षा म्हणून.

"पान भाडेकरूने काय केलंय ते पाहिलं," रिशार्ड इंग्रजीत म्हणाले. "शिकागोहून माझ्या भावाचा फोन आला. तोही रडत होता. आता मी काय सांगू त्याला?"

"पुसून घे म्हणावं डोळे," बाई म्हणाल्या.

"शनिवारचा कार्यक्रम रद्द. फेसबुकचं पान मंडळाचं आहे, तुझ्या स्वयंपाकघराचं नाही."

ते फोन ठेवतात न ठेवतात तोच पोलंडहून झेनॉनच्या मुलीचा आला. ते संभाषण पोलिशमध्ये झालं आणि त्यात बाईंच्या वाट्याला फक्त चार शब्द आले. फोन बंद झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. ही बाई दिवसाउजेडी बसलेली गुरुनाथने कधी पाहिली नव्हती.

"काय म्हणाली?"

"सकाळपासून शेजारीपाजारी फुलं घेऊन दारात येतायत. बाप दार उघडतो आणि ते किंचाळतात. पुन्हा फोन करू नका म्हणाली. शनिवारी तो कुठल्याही पडद्यावर दिसणार नाही म्हणाली."

"मी बोलू का तिच्याशी? माफी मागतो."

"तू आजच्या दिवसात पुरेसं बोलला आहेस."

"अहो, पण पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी?" त्या ताडकन उठल्या. "माझा पहिला आठवडा होता. वीस वर्षांची होते मी. अंधारात दोन पानं एकदम उलटली आणि पुढच्याच प्रवेशातलं वाक्य दिलं. अख्खा प्रवेश गळाला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला काढायला निघाला, तर झेनॉन म्हणाला, या पोरीने बरोबर दिलं होतं, उडी मीच मारली. त्या हंगामातली मोठी भूमिका गेली त्याची. मला चोवीस वर्षं पोट भरायला मिळालं. आभार मानायचे राहिले."

"चाळीस वर्षांत?"

"विंगेत बोलायचं नसतं, आणि विंगेबाहेर तो माझ्याशी बोलत नसे. फार शिष्ट आहे." त्यांनी ओट्यावरचं फडकं पिळलं, कोरडंच होतं ते. "तो ऐकू शकतोय तोवर मला हे करायचंय. कळलं? पुढच्या वर्षी त्याला ऐकवून काय उपयोग, आणि कुणाला ऐकवू?"

गुरुनाथने निमंत्रण काढून टाकलं, खुलासा टाकला, बाईंनी तो तपासला, त्यात तीन चुका काढल्या. बुधवारी त्यांनी पोलंडला तीनदा फोन लावला आणि तिन्हीदा तो कापला गेला. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, त्यामुळे भांडून निघून जायचीही सोय नव्हती. गुरुनाथने भीतीने दोन दिवस फोडणी न देता वरण खाल्लं.

गुरुवारी फोन वाजला तो खुद्द झेनॉनचा. बाई ताठ उभ्या राहून ऐकत होत्या, जसं काही तो समोरच आहे. बोलणं संपल्यावर गुरुनाथने विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "त्याने स्वतःचे सगळे शोकसंदेश वाचले. दोनशे चौदा. अकरा वर्षं ज्याच्याबरोबर एका खोलीत मेकअप केला, त्या माणसाने लिहिलंय की झेनॉनचं कुत्र्यांवर फार प्रेम होतं. अभिनयाबद्दल एक अक्षर नाही. शनिवारी तो येणार आहे. म्हणतो, त्या कुत्रेवाल्याचं तोंड पाहायचंय."

"आणि मुलगी?"

"ती म्हणते, मरा काय मरायचं ते."

अध्यक्षांचंही मन पालटलं. मेलेला नट जिवंत होऊन बोलणार म्हटल्यावर शिकागोपर्यंतची तीनशे माणसं लिंक मागायला लागली, आणि तीनशे माणसांपुढे स्वागताचं भाषण कुणीतरी करायला हवंच होतं. पान रिशार्डनी ते करायचं कबूल केलं. तब्बल बावीस मिनिटं. त्यातली पंधरा हॉलमध्ये त्यांनी बसवलेल्या नव्या लाद्यांवर. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉपसमोर बसलेल्या याद्विगाबाई दर वाक्याला काहीतरी पुटपुटत होत्या, आणि त्यांचा माइक बंद आहे ना हे गुरुनाथ दर वाक्याला तपासत होता.

मग मानपत्र झालं. ते बाईंनी वाचलं, किराणा मालाची यादी वाचावी तसं. झेनॉन काळ्या सुटात, मान ताठ, आभार न मानता म्हणाला की तो एका म्हाताऱ्या नावाड्याचं भाषण म्हणून दाखवणार आहे. त्याने खुर्ची मागे सारली आणि सुरुवात केली. गुरुनाथला भाषा कळत नव्हती, पण म्हातारा वल्हं मारतोय हे कळत होतं. चौथ्या-पाचव्या वाक्याला तो थांबला.

थांबलाच. तीनशे चौकटी गप्प. त्याचा हात हवेत राहिला, नजर कुठेतरी भिंतीवर.

"नेट गेलं वाटतं," रिशार्डचा आवाज आला. "चला, पुढे घ्या."

झेनॉनला म्यूट करायला गुरुनाथचा हात बटणाकडे गेला. बाईंनी त्यावर फटका मारला, चांगला सणसणीत, आणि स्वतःचा माइक उघडला. समोर पुस्तक नव्हतं, कागद नव्हता. त्या पुढे वाकल्या आणि अगदी सपाट, कोरड्या आवाजात तीन शब्द म्हणाल्या.

झेनॉनची पापणी हलली नाही. त्याचा हात पुढे सरकला आणि ते तीन शब्द आता त्याचेच झाले होते. शेवटापर्यंत आणखी दोनदा तो थांबला, दोनदा बाई बोलल्या. चॅटमध्ये कुणीतरी विचारलं की मध्येच बोलणारी ती बाई कोण, तिला जरा बंद करा. गुरुनाथने त्या माणसालाच बाहेर काढलं. तो अध्यक्षांचा भाऊ होता, हे नंतर कळलं.

भाषण संपलं. झेनॉन कॅमेऱ्याला वाकला. मग त्याने सावकाश डावीकडे मान वळवली, जिथे त्याच्या खोलीत फक्त एक फ्रिज होता, आणि त्या फ्रिजकडे बघून पुन्हा वाकला, पहिल्यापेक्षा जरा जास्त. टाळ्यांच्या पिवळ्या हातांनी पडदा भरून गेला. रिशार्ड म्हणाले, वय झालं की माणूस गोंधळतो.

याद्विगाबाईंनी लॅपटॉप मिटला. कप उचलले, नळ सोडला, आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. नळ बराच वेळ चालू होता, कप काही धुतला जात नव्हता.  फटक्याने गुरुनाथचा हात अजून चुरचुरत होता. पण एवढं सगळं नीट पार पडल्यावर घरातला तह करून टाकायला ही वेळ चांगली आहे, असं त्याला वाटलं.

"पानी याद्विगा," तो म्हणाला, "आता तरी मला माफ केलंत ना?"

"नाही, आणि आता तू तुझ्या खोलीत जा, मला रडायचंय."