जेवणाआधी एक संथ गाणं

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं मिळाली होती. मागून घेतली होती, हे जास्त खरं. मी सहसा काही मागत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा माझा मुद्दा दुसरं कुणीतरी मांडेपर्यंत थांबते. या वेळी मात्र सेक्रेटरी काकांना मी स्वतः फोन केला. आमचा चार जणांचा चेक संगीताचा ग्रुप येईल, मी आधी थोडं बोलेन, मग तीन गाणी, त्यातलं एक अगदी संथ.

"डन," काका म्हणाले. "पोल्का ना? ती नाचाची धून? लोकं एकदम खूश होतील."

"हो, तीही आहे," मी म्हणाले.

चौघांतले तिघं सत्तरीच्या पुढचे आणि चौथी मी. शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी लागली त्या हिवाळ्यात लायब्ररीच्या बोर्डावर 'दुसरं व्हायोलिन हवं आहे' अशी चिठ्ठी दिसली होती. मी नाशिकला दहावीपर्यंत व्हायोलिन शिकले होते, तेही मांडी घालून बसून. तालीम शनिवारी दुपारी, शिकागोच्या पश्चिमेकडच्या जुन्या वस्तीत, एका चर्चच्या तळघरात. एके काळी तो सगळा भाग चेक लोकांचा होता. आता खसखस भरलेले गोड गोल पाव विकणारी एक बेकरी उरली आहे, आणि हे तळघर. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना, आणि काकू म्हणणंही विचित्र. म्हणून मी हाकच मारत नसे. त्यांचं लक्ष जाईपर्यंत समोर जाऊन उभी राहायचे.

सुरुवातीला माझं सगळंच चुकायचं. समेच्या आधीपासून मुखडा उचलायची मला सवय, आणि त्यांची गाणी थेट पहिल्या ठोक्यावर सुरू होतात. त्यात मी दोन सुरांमध्ये मींड घ्यायचे.

"पुन्हा घसरगुंडी!" अकॉर्डियनवाले आजोबा ओरडायचे. "पोरी, जिना आहे तो. पायऱ्या चढ."

तालीम संपली की कॉफी, आणि कॉफीबरोबर बाई बोलायला लागायच्या. तिकडच्या खेड्यांत जुन्या काळी शाळामास्तरच रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि वाचन शिकवता शिकवता पोरांच्या हातात व्हायोलिनही द्यायचा. त्यामुळे शेतकऱ्याच्या, विणकराच्या घरातही कुणीतरी वाजवणारं असायचं. पण कित्येक पिढ्या राज्यकारभार जर्मनमध्ये, वरच्या शाळाही जर्मनमध्ये. पुढं जायचं तर जर्मन शिका. चेक भाषा उरली ती स्वयंपाकघरात, गोठ्यात, प्रार्थनेत आणि गाण्यांत. ती पुन्हा वर आणावी असं शिकलेल्यांना वाटायला लागलं, तेव्हा ते खेड्यापाड्यांत गाणी उतरवून घेत फिरले, आणि पुढच्या मोठ्या संगीतकारांनी त्याच सुरांवर आपलं संगीत उभं केलं. पोल्का साधारण त्याच काळातली, म्हणजे तशी नवीच. ती बोटीतून इथं आली आणि इथल्या लोकांना तेवढीच माहीत झाली. बिअर, सॉसेज, पोल्का.

हे ऐकताना मला नाशिक आठवलं. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत. मला मराठीत भांडता येतं, पानावर आग्रह करता येतो, आरत्या पाठ आहेत. पण एखादा विचार मांडायला गेलं की वाक्य अर्ध्यातून इंग्रजीकडे वळतं. मला कार्यक्रमात हेच बोलायचं होतं. मराठीत. ऑफिसला जाता-येता गाडीत मी ते मोठ्यानं म्हणत होते.

कार्यक्रम एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये होता. आमच्या ग्रुपची मंडळी वेळेच्या बरीच आधी, भरतकामाची जाकिटं घालून विंगेत येऊन बसली. मग दीपप्रज्वलन झालं. मग स्पॉन्सरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, त्यांचं भाषण, आणि त्या भाषणाबद्दल आभाराचं भाषण. मग मुलांचं नाटुकलं. त्यात आया विंगेतून इतक्या जोरात प्रॉम्प्ट करत होत्या की मुलांनी नुसते ओठ हलवले. आजोबांनी प्रत्येक गोष्टीला टाळ्या वाजवल्या. मी घड्याळाकडे बघत राहिले.

समूहगीताच्या एक काकू निऱ्या सारख्या करत माझ्यापाशी थांबल्या. "अगं, एवढं व्हायोलिन शिकलीस, आपलं संगीत कमी पडलं का?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी ते जुळवेपर्यंत त्या स्टेजवर पोचल्या होत्या.

मग सेक्रेटरी काका आले. "ऐक ना, एकच गाणं घेऊया. फास्टवालं. आणि ते हिस्टरी-बिस्टरी स्किप कर, यार."

"काका, तुम्ही पंधरा मिनिटं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो गं. पण केटरर डोक्यावर बसलाय. पुऱ्या थंड झाल्या तर लोकं मला तळून खातील."

ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही, पण मी मान हलवली. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. मनात नाही म्हणत असताना माझी मान आपोआप हो म्हणते.

मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या व्हायोलिनच्या गजाला राळ लावत म्हणाल्या, "आम्ही आयुष्यभर लोकांच्या जेवणाआधीच वाजवलंय. एकच, तर एक. कुठलं, ते तू ठरव. माणसं तुझी आहेत."

"संथ," मी म्हणाले.

"आणि आता, धम्माल पोल्का!" काकांनी माइकवर जाहीर केलं. आम्ही विंगेतून स्टेजवर आलो. मी माइकपाशी गेले. "ही पोल्का नाहीये," मी म्हणाले. कुणीतरी हसलं. "ज्यांची भाषा त्यांच्या शाळेत नव्हती, त्या लोकांचं हे गाणं आहे. म्हणजे, ती घरात होती, आणि..." पुढचं मराठी आलं नाही. इंग्रजी आलं होतं, ते मी गिळलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

पहिल्याच ओळीला मागच्या रांगांतून टाळ्यांचा ठेका सुरू झाला, गाण्याच्या दुप्पट वेगात. दोन ओळींनंतर गाणं काही वेग धरत नाही हे कळून तो विरला. मग खुर्च्यांच्या सीट धाडधाड वर उचलल्या जाऊ लागल्या. दारापाशी रांग लागली. पहिल्या रांगेत एक बाबा कडेवरच्या बाळाला झुलवत ऐकत होते, की झोपवत होते. दुसरं कडवं झाल्यावर मला वाटलं, आता पुरे. पण बाईंनी तिसरं उचललं, तितक्याच सावकाश, आणि मला त्यांच्यामागून जावं लागलं. आम्ही ते शेवटपर्यंत वाजवलं. संपलं तेव्हा बाहेरून ताटांचा आवाज येत होता.

"छान झालं हं," काका माइकची वायर गुंडाळत म्हणाले. "जरा डल होतं, बाकी मस्त. नेक्स्ट टाइम पोल्का."

"नेक्स्ट टाइम पंधरा मिनिटं, काका," मी म्हणाले. या वेळी मान हलवली नाही. "आणि जेवणाच्या आधी नको. अगदी सुरुवातीला. सत्काराच्याही आधी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"बघू," ते म्हणाले.

बघू म्हणजे काय, ते समजण्याइतकं मराठी मला येतं.