पश्चिमेची भिंत शिकस्त

गुळवेकाका ज्या घराची तपासणी करायला जात, त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माळव्यात हे भांडण काढण्यासारखंच आहे. इथे उंबऱ्यात पाऊल पडलं की पोह्यांची बशी पुढे येते, आणि ती नको म्हणणाऱ्याकडे घरमालक संशयाने बघतो. मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते देवासला, आमच्या शेजाऱ्यांना घ्यायच्या असलेल्या एका जुन्या घरात. कान भिंतीला लावून ते मधल्या बोटाच्या सांध्याने टकटक करत पुढे सरकत होते. घरमालक बशी घेऊन मागे मागे.

"साहब, पोहे तो खा लो, ठंडे हो रहे हैं."

"पहले दीवार खा लूँ, भिया," काका म्हणाले आणि कान न काढता हाताने सगळ्यांना गप्प केलं. "भिंतीला बोलू द्या. तुम्ही नंतर बोला."

उंच, वाकलेले, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत ओळंबा, पातळी बघायची पाण्याची पारदर्शक नळी, टॉर्च, चौकटीतली वाळवी टोचून बघायला एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःची पाण्याची बाटली. सरकारी बांधकाम खात्यात सगळी नोकरी झाली. कागदावरचं पद वेगळं होतं, पण देवासमध्ये त्यांना सगळे ओव्हरसिअरच म्हणत. निवृत्तीनंतर जुनं घर घेणाऱ्या लोकांना ते घर तपासून, लिहून देत. बँकेचा माणूस स्कूटरवरून न उतरता फोटो काढतो आणि मूल्यांकन झालं म्हणतो. काका सकाळी जात ते दुपार करत.

पाणी न पिण्याचं कारण मी एकदा विचारलं. तेव्हा मी सगळ्यांना सगळी कारणं विचारत असे. ते कंटाळल्यासारखं हसले. म्हणाले, "गंधवानीकडे नोकरीला होतो तेव्हा एका ठेकेदाराकडे जेवलो. दाल-बाफले. दुसऱ्या दिवशी त्याने बांधलेल्या शाळेच्या खोलीवर सही करायची होती. छताकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि सही केली. छत पडलं ते रविवारी. रविवार होता म्हणून मी आज तुझ्याशी बोलतोय." मग म्हणाले, "जेवण चांगलं होतं गं. अजून चव आठवते. तोच तर त्रास आहे."

त्यांची दुसरी सवय म्हणजे तोंडी निकाल न देणं. घर बघून झालं की लोक घेरायचे, "काका, क्या लगता है?" काकांचं उत्तर ठरलेलं: "तोंडाने सांगितलं की माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. लिहून देईन." आणि कुठलंही घर असो, निघताना एक वाक्य: "एक पाऊस जाऊ दे." आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. तिच्यावरचं घर वर्षभर हलत असतं. काका भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवत, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहीत. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे, नाही फुटली तर जुनी जखम आहे. पण एक पाऊस थांबायला कोण तयार असतं? लोक हसत. देवासमध्ये काही घरांत मुलीच्या लग्नाची बोलणी लांबली की म्हणत, "गुळवे झालंय."

आता माझ्या वडिलांबद्दल. आप्पा सांगलीकडून देवासच्या कारखान्यात आले, युनियनमध्ये पडले आणि भाड्याची अकरा घरं बदलली. प्रत्येक हलवाहलवीत भांडी फुटली, पण पत्रकांचे गठ्ठे सुखरूप राहिले. मी हिंदी शाळेत शिकले. मराठी शिकले ती त्या पत्रकांतून. "विजयासाठी प्रयत्नांची शिकस्त करा" हे मला स्वतःच्या नावाआधी वाचता येत होतं. पुढे मीही पत्रकं लिहू लागले, दुकानांच्या मराठी पाट्यांपासून कंत्राटी कामगारांपर्यंत, आणि आपली भाषा आपण सोडली तर आपण संपलो, असं मी जेवतानाही सांगत असे.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी धारला घर बघितलं. आत्या तिथे राहते. घर साठएक वर्षांचं, खाली दगड, वर विटा, गर्डरवर फरश्यांचं छत. मालक वैशंपायन मास्तर, एकटे, पुण्याला मुलाकडे निघालेले. त्यांनी आप्पांना पाटावर बसवून श्रीखंड वाढलं. आप्पा तिथेच विरघळले. पश्चिमेच्या खोलीत त्यांची पुस्तकं आणि गठ्ठे राहणार होते, खाट खिडकीखाली. "ही शेवटची हलवाहलव," ते म्हणाले. अकरा घरं बदललेल्या माणसाने ते ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला अजून ऐकू येतो.

तपासणी करून घ्यायची हा हट्ट माझा. आप्पांना लाज वाटत होती. "धारमध्ये आपली माणसं मूठभर. त्यांतल्या एकाने मला जावयासारखं वाढलं, आणि मी त्याच्या घरावर ओव्हरसिअर घालू?"

"घाला," मी म्हटलं. "आणि अहवाल मराठीतच पाहिजे."

काका एरवी हिंदीत लिहीत. म्हणाले, "पोरी, मला लिहायची मराठी येते ती आजोबांच्या दप्तरातली. दरबारात कारकून होते. चालेल?"

"तीच तर खरी," मी म्हटलं.

फाल्गुनात काका दोन बस बदलून धारला आले. मास्तरांचं श्रीखंड त्यांनी हात जोडून परत पाठवलं. पश्चिमेच्या भिंतीपाशी ते सगळ्यात जास्त वेळ बसले. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग खाली गेली होती. भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी मुरत होतं.

"ही भेग माझ्या लग्नाच्या आधीची आहे हो," मास्तर जरा दुखावून म्हणाले.

"लग्न कसं चाललं?" काकांनी विचारलं. मास्तर हसले, आप्पाही हसले. काकांनी काचेची पट्टी लावली, तारीख लिहिली आणि आप्पांना म्हणाले, "एक पाऊस जाऊ दे, जाधवराव."

आठवड्याने फुलस्केप कागदावरच्या अहवालाचा फोटो माझ्या फोनवर आला. आप्पा आत्याकडे होते, त्यांचा फोन बटणांचा. मी त्यांना फोनवरच वाचून दाखवला. चौकटी, छत, जिना, मोरी, सगळं ओळीने. शेवटी निकाल: "पश्चिमेची भिंत शिकस्त. बाकी तिन्ही ठीक. एक पाऊस जाऊ द्यावा."

"शिकस्त म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"पराकाष्ठा, आप्पा! बांधताना शिकस्त केलीय. म्हणजे चारांत तीच सगळ्यात मजबूत. बाकीच्या नुसत्या ठीक."

"हं. मग पाऊस कशाला म्हणतो?"

"ते तर प्रत्येक घराला म्हणतात."

आप्पांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्यांना एकदा विचारून घ्यायचं का?"

"काय विचारायचं त्यात? स्वच्छ मराठी आहे."

ते वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. हिंदी शाळेत मी 'शिकस्त' म्हणजे हार असं शिकले होते. पण मराठी वाचताना हिंदी आठवायची नाही, असा माझा नियम होता.

वैशाखात घर आमच्या नावावर झालं. आषाढात पाऊस लागला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आप्पांना पश्चिमेच्या खोलीत काच तडकल्याचा बारीक आवाज आला. त्यांना वाटलं पेला फुटला. महिन्याभरात भेगेत बोट जाऊ लागलं. एका फरशीचं टोक गर्डरवरून सरकलं. आम्ही खोलीला कुलूप लावलं आणि गठ्ठे स्वयंपाकघरात आणून ठेवले. आणखी एक हलवाहलव.

आप्पा चिडले ते काकांवर. गणपतीत मंडळाच्या मांडवात, आरतीला जमलेल्या देवास-धारच्या सगळ्या मराठी मंडळींपुढे ते म्हणाले, "गुळव्याने फसवलं. जी भिंत पडतेय तिला शिकस्त लिहून दिली. झोपेत लिहितो तो म्हातारा." मी तिथे होते, हातात प्रसादाचं ताट. कुणी तरी म्हणालं, "वय झालं हो त्यांचं." बाकीच्यांनी माना हलवल्या. काकांपाशी पिशवीशिवाय होतं काय? त्यांच्या लिहिण्यावर लोकांचा विश्वास होता, तेवढंच. तोही त्या दिवशी मोदकांबरोबर वाटला गेला. मला तोपर्यंत अर्थ कळला होता. आदल्याच आठवड्यात मी जुना शब्दकोश उघडला होता. शिकस्त: मोडकळीस आलेली, जीर्ण, भग्न. लोकांच्या अन्यायावर चार पानं लिहिणाऱ्या मला चार शब्द बोलता आले नाहीत. मी ताट घेऊन पुढच्या रांगेकडे गेले.

बोलणं काकांपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते धारला आमच्या दारात उभे. भर पावसातून आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. आप्पांनी 'या'सुद्धा म्हटलं नाही. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्या खोलीत झोपतं कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"देव पावला," म्हणत ते ओट्यावर टेकले. धाप लागली होती. मग म्हणाले, "माझा कागद आणा."

आप्पांनी फोटोवरून काढलेली प्रत त्यांच्या पुढ्यात टाकली. "वाचा. तुमचंच अक्षर ना?"

काकांनी चष्मा लावला, वाचलं, आणि आमच्याकडे बघितलं. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. "बरोबर आहे की. शिकस्त. मोडकी. पडायला आलेली. तरीही घेतलंत?"

आप्पा कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. काकांनी आमच्या दोघांचे चेहरे पाहिले आणि त्यांना सगळं उमगलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "चूक माझी, जाधवराव. आजोबांच्या दप्तरातला शब्द. आज कोण वापरतो तो? वाचणाऱ्याला कळला नाही म्हणजे लिहिणाऱ्याने नीट लिहिला नाही. तुम्ही मांडवात बोललात ते ठीकच बोललात."

त्या क्षणी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. काकांनी दार उघडून दिलं होतं. पण चिखलाचे ते पाय समोर होते. मी म्हटलं, "आप्पा, अर्थ मला माहीत नव्हता. तुम्ही विचारून घेऊ म्हणालात, मी नको म्हटलं. मराठीतच लिहा हा हट्टही माझा. आणि मांडवात मला सगळं कळलेलं होतं."

आप्पा उठून आत गेले. आतून भांड्यांचे आवाज आले. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले ते चहाचा कप घेऊन. कप काकांपुढे धरला आणि मग त्यांना आठवलं. हात तसाच राहिला.

"घर आता विकायचं नाही ना?" काकांनी विचारलं.

"आता कोण घेतो, साहेब?"

"मग द्या," काका म्हणाले. "साखर जरा जास्त आहे."

ती भिंत काकांनी स्वतः उभं राहून उतरवली आणि पुन्हा बांधून घेतली. आधी गर्डरला टेकू, मग एक एक थर. पायाशी मुरणाऱ्या मोरीसाठी शेजाऱ्यांशी भांडले ते अस्सल माळवीत. कार्तिकापासून पौषापर्यंत आठवड्यातून दोनदा देवासहून येत, सावलीत खुर्ची टाकून बसत, गवंड्याला म्हणत, "घाई मत कर भिया, मुझे भी घर जाने की कोई जल्दी नहीं." दमत खूप. बोलता बोलता डोळा लागे. जाग आली की आधी ओळंब्याकडे बघत.

मांडवातलं बोलणं मात्र परत घेता आलं नाही. आप्पा एकेकाला भेटून सांगत होते की चूक आमच्या वाचण्यात होती. लोक म्हणत, "जाऊ द्या हो, मोठ्या मनाचे तुम्ही." काकांना कामं जवळजवळ येईनाशी झाली. मी म्हटलं, पत्रक काढते. ते म्हणाले, "नको. आणखी एक कागद, आणखी शंभर जण आपापला अर्थ काढणार."

माघात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या सुनेने ती खाकी पिशवी माझ्या हातात दिली. आत राजगढच्या एका घराचा अर्धा अहवाल होता. अक्षर थरथरलेलं, पण ओळ सरळ. "पूर्वेची भिंत पडेल." त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, "पूरब की दीवार गिरेगी."

नव्या भिंतीवर, जुन्या बांधकामाला ती जिथे मिळते तिथे, काकांनी शेवटच्या फेरीत काचेची एक पट्टी लावून ठेवली होती. शेजारी पेन्सिलीने तारीख. पाऊस येऊन गेला, पट्टी अखंड राहिली. दिवाळीआधी रंगारी आला. आप्पा खाटेवर गठ्ठे लावत बसले होते. रंगाऱ्याने पट्टीवर खरवडायचा पत्रा टेकवला आणि विचारलं, "बाबूजी, ये काँच निकाल दूँ? बारिश तो गई."

आप्पांनी मान वर केली नाही.

"रहने दो, भिया," ते म्हणाले. "एक बारिश और देख लें."