बांधात रुतलेली सरकारी जीप

“नुकसान कुठंय?” पणजीहून इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी मला पुन्हा विचारलं.

समोरच होतं, पण बुजवलेलं. पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीकाठचं गाव. पुरात नदीचा बांध फुटला होता. इथल्या शेतांना खाजन म्हणतात. भरतीच्या वेळी नदी शेतापेक्षा वर असते आणि मध्ये फक्त मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी आत, मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. वाड्यावर जायची वाट या बांधावरूनच, म्हणून तो पंचायतीच्या अंगावर.

मी तेव्हा तालुक्याच्या ऑफिसात ज्युनियर इंजिनियर. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती, बायकांच्या राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या आणि तशा जागेवरून निवडून आलेल्या शेवंतीबाय सरपंच होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, म्हणून मला सरळ अरेतुरे. पूर ओसरताच त्यांनी माझ्या रिपोर्टाची वाट न बघता गाव गोळा केला, पंचायतीत होतं नव्हतं ते होडीने चिकणमाती आणणाऱ्यांना दिलं आणि भगदाड बुजवलं. लावणीचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाचली. पंचायतीकडे रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल भरायलाही काही उरलं नाही. आणि हे मातीचं ठिगळ फार टिकणारं नव्हतं. बाहेरून चिऱ्यांची भिंत हवी होती. तिचं एस्टिमेट करून मी पूरनिधीला पाठवलं.

पूरनिधीचा नियम असा की नुकसान साहेबांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आता दिसणार कुठून? बाईंनी वेळेवर काम करण्याचा मूर्खपणा केला होता. शेजारच्या गावाने काडी हलवली नव्हती, तिथलं भगदाड बघून साहेब खूश होऊन आले होते.

आदल्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी सुचवलंही होतं, “जरा उकरून ठेवा ना.” मी ते भीत भीत बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी मला चहा दिला आणि कोपऱ्यातली कुदळ दाखवली. म्हणाल्या, तूच उकर, आणि पाणी आत आलं की गावाक तूच सांग. मी चहा पिऊन निघालो.

तर साहेब. त्यांचे बूट नवे होते आणि बांधावर चिखल होता. त्यांनी ड्रायव्हरला जीप बांधावर घ्यायला सांगितलं. गाडी आणू नये म्हणून शेवंतीबाय आडव्या आल्या.

“साहेब, गाडी हाडू नाकात. माती अजून बसाक ना.”

साहेबांनी बाईंना सोडून मला धरलं. “बांध दुरुस्त झालाय ना? मग गाडी जायला हवी. जात नसेल तर दुरुस्त काय केलंत?”

चालत जाऊया, एवढंच मी म्हटलं. साहेब जीपमध्ये बसले.

जीप ठिगळावर पोचली, थांबली, आणि अगदी सावकाश नाक खाली घालून भगदाडात बसली. साहेब मागच्या बाजूने उतरले. एक बूट चिखलातच राहिला. ड्रायव्हरने दोर बांधला, गावकरी ओढायला सरसावले. शेवंतीबाय मात्र नदीकडे बघत होत्या. भरती लागली होती.

“दोर सोडा,” त्या म्हणाल्या. “गाडी काडली तर शेतां गेली. ती थंयच रावांदी.”

खरंच होतं. आता भगदाडाला बूच म्हणून फक्त ती जीप होती. ती तिथेच राहू देणं हाच उपाय. गावकऱ्यांनी जीपच्या काचा वर केल्या, चाकांखाली गवत कोंबलं आणि दोन्ही बाजूंनी चिकणमाती थापायला सुरुवात केली.

“अहो, ही सरकारी गाडी आहे,” साहेब ओरडले.

“सरकारी? मगे बरां जालां,” बाई म्हणाल्या. “सरकाराची मदत पावली.”

पाणी जीपच्या दारापर्यंत चढलं. नोकरी नवीन, एस्टिमेट माझं, आणि समोर तरव्याची हिरवीगार शेतं. पण पाणी आत आलं नाही. ओहोटी लागल्यावर मी खाली बसलो आणि पोटभर हसलो. साहेब तोवर कुणाच्या तरी चपला घालून म्हापशाच्या बसने गेले होते.

पुढे पूरनिधीची फाइल परत आली. शेरा होता, ‘बांध सुस्थितीत, नुकसान आढळले नाही.’ जीपसाठी मात्र पणजीहून रोज फोन. सरकारी पैशाला हेड असतात, म्हणजे कप्पे. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्या कामाला मिळत नाही. मी जुनंच एस्टिमेट काढलं, वरचा विषय बदलला आणि ‘सरकारी वाहन सुखरूप बाहेर काढण्यासाठी आवश्यक भिंत’ असं लिहून वाहनांच्या हेडखाली पाठवलं. इतकं झटपट सँक्शन मी उभ्या नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. चिऱ्यांची भिंत झाली, मग जीप निघाली. बॉनेटमध्ये कुर्ल्या-खेकड्यांनी संसार थाटला होता.

भिंतीचं काम संपल्यावर मी बाईंना अनुभवाचा सल्ला दिला. पुढच्या पुरात आधी फोटो काढा, मग फावडं उचला. नुकसान दिसल्याशिवाय सरकार हलत नाही.

“फोटो काडीपर्यंत भरती रावता काय?” त्या म्हणाल्या. “त्यापरास त्या साहेबांक परत एकदा घेवन ये. वरच्या अंगाचो बांधय कच्चोच आसा.”